स्कीचे बूट केबिनमध्ये की बेल्टवर?

दिवाळी उलटली की या सदराकडे बर्फाच्या सहलींविषयी पत्रे येऊ लागतात. यंदा ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच वस्तूविषयी आहेत, ती म्हणजे स्कीइंगचे बूट आणि त्यांचा विमानप्रवास. त्यांतील पाच पत्रे थोडी काटछाट करून येथे घेतली आहेत.

प्रश्न: जानेवारीच्या अखेरीस आम्ही चौघे मित्र मुंबईहून श्रीनगरला आणि तेथून गुलमर्गला स्कीइंगसाठी जाणार आहोत. माझे स्वतःचे बूट आहेत. स्की मात्र तेथेच भाड्याने घेईन. न्यू जर्सीला राहणारा माझा आतेभाऊ म्हणतो की, बूट नेहमी हातातच ठेवावेत, चेक-इनच्या सामानात कधीही देऊ नयेत. आपल्याकडच्या विमानात हे जमते का? बूट पायात घालूनच विमानात बसलो तर वजनाचा प्रश्नच मिटेल, असाही सल्ला एकाने दिला आहे. (एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे)

उत्तर: आपल्या आतेभावाचा सल्ला मुळात योग्य आहे; परंतु तो अमेरिकेतल्या विमानांचा हिशेब धरून दिलेला आहे आणि आपल्याकडे तो जसाच्या तसा लागू पडत नाही.

बूट हाताशी ठेवावेत असे का म्हणतात, ते आधी पाहू. स्कीइंगच्या सामानापैकी स्की, काठ्या, हेल्मेट, जाकीट, इतकेच काय हातमोजेसुद्धा गुलमर्गमध्ये भाड्याने मिळतात आणि ते थोड्याफार फरकाने कोणालाही चालून जातात. बुटांचे तसे नाही. बाहेरचे कडक प्लॅस्टिकचे कवच आणि आतला मऊ लायनर असे या बुटाचे दोन भाग असतात. चांगल्या बुटाचा लायनर गरम करून घालणाऱ्याच्या पायाच्या घडणीला बसवलेला असतो, आणि काही वेळा घोट्याजवळ किंवा करंगळीजवळ बोचणारे कवचही कारागिराकडून तापवून थोडे फुगवून घेतलेले असते. असा बूट वेळेवर पोहोचला नाही आणि त्याऐवजी अनेकांच्या पायांनी सैल झालेला भाड्याचा बूट घालावा लागला, तर टाच आतल्या आत उचलली जाते, नडगीवर वळ उठतात आणि पाय वळवला तरी स्की ऐकत नाही. त्यातच जानेवारी म्हणजे दिल्लीत धुक्याचे आणि श्रीनगरला हिमवृष्टीचे दिवस. या दिवसांत उड्डाणे रखडतात, रद्द होतात, प्रवाशांना दुसऱ्या विमानांत बसवले जाते, आणि अशा धांदलीत माणूस एका विमानाने तर बॅग दुसऱ्या विमानाने, असे होऊ शकते. चार-पाच दिवसांच्या सहलीत बुटांनी दोन दिवस उशीर केला तर सहलीचा निम्मा अर्थच गेला.

आता अडचण कोठे आहे ते पाहू. अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्या केबिन बॅगेचे आकारमान पाहतात, वजनाला मात्र सहसा मर्यादा घालत नाहीत. शिवाय तेथील सुरक्षा यंत्रणेने स्कीचे बूट केबिनमध्ये चालतील असे स्पष्ट सांगितलेले आहे. आपल्याकडेही सुरक्षेच्या अंगाने बुटांवर आक्षेप नाही. नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोच्या यादीत केबिनमध्ये निषिद्ध असलेल्या क्रीडासाहित्यात क्रिकेटच्या बॅट, हॉकी स्टिक यांच्याबरोबर स्कीच्या काठ्यांचा उल्लेख आहे, बुटांचा नाही. (कोणती वस्तू आत सोडायची याचा अंतिम निर्णय तपासणीच्या जागी असलेल्या अधिकाऱ्याचा असतो, हे कोणत्याही यादीबाबत गृहीत धरावे.) खरी अडचण वजनकाट्याची आहे, कारण देशांतर्गत प्रवासात इकॉनॉमी वर्गाला सर्वसाधारणपणे ७ किलोंची एकच केबिन बॅग नेता येते आणि तिची लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज ११५ सेंटिमीटरच्या आत असावी लागते.

मध्यम मापाच्या पुरुषी बुटांची जोडी साधारण चार किलोंच्या आसपास भरते; कडक, स्पर्धेच्या धाटणीचे बूट पाच किलोंपर्यंत जातात. बुटांसाठी म्हणून मिळणाऱ्या खास पाठपिशव्या स्वतःच एक-दीड किलोच्या असतात आणि त्यांत हेल्मेटची जागा धरलेली असल्यामुळे त्या केबिनच्या मापात सहसा बसत नाहीत. म्हणून बुटांची खास बॅग घरी ठेवावी आणि पातळ कापडाची साधी, चौकोनी बॅग वापरावी, असे माझे मत आहे. दोन बूट शेजारी शेजारी उभे ठेवले तर लांबी ३२, रुंदी २५ आणि उंची ३४ सेंटिमीटरच्या आसपास होते. म्हणजे ५५, ३५ आणि २५ सेंटिमीटरची मर्यादा असलेल्या विमानात ते जेमतेम बसतात, पण ज्या कंपनीची मर्यादा ५५, ४० आणि २० अशी आहे तिच्या मापात ते अडतात, कारण त्या २० सेंटिमीटरमध्ये दोन बुटांची जाडी मावत नाही. दोन्ही मापांची बेरीज ११५ च असल्यामुळे अनेकांचा येथे घोटाळा होतो. आपल्या बुटांवर टेप लावून पाहावी आणि मगच कंपनी निवडावी.

बूट आणि बॅग मिळून साडेपाच किलो झाले, तर हाताशी दीड किलो उरतो. त्यात औषधे, चार्जर, एक दिवसाचे कपडे आणि गॉगल एवढे ठेवावे. पायमोजे आणि गॉगल बुटांच्या पोकळीत घातले की जागा वाचते. वजन वाचत नाही, हे मात्र लक्षात असू द्यावे. जाड जाकीट अंगात घालावे आणि हेल्मेट चेक-इनच्या १५ किलोंत द्यावे. घरी वजन करताना बॅग हातात घेऊन काट्यावर उभे राहावे आणि मग तिच्याविना, म्हणजे फरक कळतो. काउंटरसमोर बॅग उघडून बनियन काढत बसण्याची पाळी येत नाही. तपासणीच्या पट्ट्यावर बूट बॅगेतून काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवावेत, कारण बक्कले धातूची असतात आणि एक्स-रेमध्ये ती एकावर एक आली की बॅग हमखास बाजूला काढली जाते. बक्कल घट्ट करण्यासाठी ठेवलेला छोटा स्क्रूड्रायव्हर अथवा षटकोनी चावी केबिनमध्ये चालत नाही. ती चेक-इनच्या सामानात जाऊ द्यावी.

बूट पायात घालून जाण्याचा सल्ला मात्र कृपया मनावर घेऊ नये. या बुटात घोटा पुढे झुकलेल्या स्थितीत जखडलेला असतो, तळ कडक असतो आणि विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर किंवा बसमधून उतरून विमानाची शिडी चढताना तो घसरतो. तपासणीच्या वेळी तो काढावाच लागणार, आणि चार बक्कले व एक पट्टा सोडून पाय बाहेर ओढण्याचा तो कार्यक्रम मागच्या रांगेला आवडणारा नसतो. शिवाय उड्डाणात पायाला थोडी सूज येते, त्यामुळे श्रीनगरपर्यंतचे तीनेक तास त्या कवचात काढणे ही शिक्षाच आहे. आणि देव न करो, पण घाईने विमान रिकामे करायची वेळ आली तर अशा पायांनी घसरगुंडीवरून उतरणारा स्वतःला आणि इतरांनाही धोक्यात घालील. पायात बर्फात चालण्याचे जाड, जलरोधक बूट अवश्य घालावेत. तेच सामानातले वजन वाचवतात.

आपण विचारलेले नाही, तरी आपल्या बेतात बूट स्वतःचे आणि स्की भाड्याच्या आहेत म्हणून एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. बुटाचा तळ आणि स्कीवरचे बाइंडिंग (बूट स्कीला जखडून ठेवणारी आणि पडल्यावर सोडणारी पकड) यांचे प्रकार जुळावे लागतात. जुन्या पद्धतीचा सपाट, कडक तळ आयएसओ ५३५५ या मानकाप्रमाणे असतो, तर चालायला सोपा असा किंचित वक्र, रबरी ग्रिपवॉक तळ आयएसओ २३२२३ प्रमाणे. गेल्या काही वर्षांत विकले गेलेले बरेच बूट ग्रिपवॉक तळाचे आहेत, आणि भाड्याच्या दुकानातले जुने बाइंडिंग त्यांच्यासाठी बनवलेले असेलच असे नाही. बूट त्यात वरकरणी बसतो, ‘खट्’ असा आवाजही येतो, पण पडल्यावर तो सुटायला हवा तेव्हा सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. बाइंडिंगवर ग्रिपवॉकची खूण आहे का ते दुकानातच पाहावे. ज्या बुटांचे तळ स्क्रू काढून बदलता येतात, त्यांचे सपाट तळ सोबत न्यावेत. टाचेच्या बाजूला कवचावर तळाची लांबी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, उदाहरणार्थ ३१५. हा आकडा, आपले वजन, उंची, वय आणि स्कीइंगची पातळी दुकानदाराला सांगितल्याशिवाय बाइंडिंगचा ताण ठरवता येत नाही. आकडा न विचारता स्की हातात देणाऱ्या दुकानातून बाहेर पडावे.

परतीच्या प्रवासात श्रीनगर विमानतळावर सामानाची तपासणी इमारतीच्या बऱ्याच आधी, बाहेरच्या नाक्यापासून सुरू होते. तेथे नेहमीपेक्षा बराच अधिक वेळ हाताशी ठेवावा.

प्रश्न: मला बॅटरीवर गरम होणारे पायमोजे भेट मिळाले आहेत. बॅटऱ्या मोज्यांना लावून, मोजे बुटांत खुपसून चेक-इनमध्ये दिले तर चालेल का? (एक वाचिका, ऐरोली)

उत्तर: तसे करू नये. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिनमध्येच न्याव्या लागतात, कारण बॅटरी पेटली तर केबिनमध्ये ती कर्मचाऱ्यांच्या लक्षात येते. सामानकक्षात आग दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. मोज्यांच्या बॅटऱ्या काढून त्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावावी आणि त्या लहान पिशवीत आपल्याजवळ ठेवाव्यात. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीला कंपनीची वेगळी परवानगी लागत नाही, आणि आपल्या बॅटऱ्या त्याहून कितीतरी लहान असणार: ७.४ व्होल्ट आणि २,२०० मिलिअँपिअर-तास असे लिहिले असेल तर ती १६ वॉट-तासांच्या आसपास झाली. विमान भरलेले असले की केबिन बॅग ऐनवेळी दारातच घेऊन सामानकक्षात टाकतात. त्या वेळी बॅटऱ्यांची पिशवी काढून घ्यायला विसरू नये.

प्रश्न: माझा मुलगा १९ वर्षांचा आहे आणि फेब्रुवारीत गुलमर्गला स्कीइंगच्या पायाभूत अभ्यासक्रमाला जाणार आहे. त्याने याआधी बर्फ पाहिलेलाही नाही. त्याच्यासाठी बूट ऑनलाइन मागवून विमानातून पाठवावेत, की तेथले वापरावेत? भाड्याचे बूट स्वच्छ नसतात असे ऐकल्यामुळे मला काळजी वाटते. (एक आई, नेरूळ)

उत्तर: बूट घेऊ नयेत. गुलमर्गची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था असो, औलीचे गढवाल मंडळ विकास निगमाचे वर्ग असोत किंवा मनालीची अटल बिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था असो, नवशिक्यांच्या अभ्यासक्रमांत साधने सहसा आयोजकांकडूनच मिळतात. प्रवेशपत्रासोबत येणाऱ्या यादीत ते पाहून घ्यावे. न घालून पाहता मागवलेला बूट चुकीचा निघण्याचीच शक्यता अधिक, आणि तो चुकीचा आहे हे कळते बर्फावर, जेथून परत पाठवण्याची सोय नसते. शिवाय मुलाला हा खेळ आवडेल की नाही, हे अजून ठरायचे आहे.

घरी बसून आपण एक काम मात्र करू शकता. भिंतीला टेकवून जमिनीवर एक कागद ठेवावा, मुलाने संध्याकाळच्या वेळी टाच भिंतीला लावून त्यावर पूर्ण भार देऊन उभे राहावे आणि सर्वांत लांब बोटाच्या टोकाशी पेन्सिल उभी धरून खूण करावी. भिंतीपासून त्या खुणेपर्यंतचे सेंटिमीटर, उदाहरणार्थ २६.५, हेच स्कीच्या बुटाचे माप असते. आपल्या नेहमीच्या ८ किंवा ९ नंबरचा तेथे उपयोग नाही. दोन्ही पायांचे माप घ्यावे, कारण ते क्वचितच सारखे असते. हा आकडा त्याला लिहून द्यावा आणि सांगावे की, दुकानदार किंवा प्रशिक्षक एक माप मोठा बूट ‘आरामशीर’ म्हणून देऊ लागला तर घेऊ नये. बूट घालून ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढे हलकेच टेकली पाहिजेत, गुडघे पुढे वाकवल्यावर ती मागे सरकली पाहिजेत आणि टाच जागची हलता कामा नये.

स्वच्छतेचा प्रश्न पायमोज्यांनी सुटतो. गुडघ्यापर्यंत येणारे पातळ लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे मोजे तीन-चार जोड्या द्यावेत. सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि पाय गारठतात. आपल्याकडच्या आयांचा आग्रह असतो तसे एकावर एक दोन जाड मोजे घालायला सांगू नये. त्यांच्या घड्या बुटात रुततात, रक्तप्रवाह अडतो आणि पाय उलट अधिक गार पडतात. बूट घातल्यानंतर मोजा वर नीट ओढलेला असावा आणि आतल्या पँटचे टोक बुटात न जाता बाहेर राहावे.

प्रश्न: आम्ही नवरा-बायको मार्चमध्ये स्वित्झर्लंडला स्कीइंगसाठी जात आहोत. नवी मुंबई विमानतळावरून दिल्ली आणि दिल्लीहून झ्युरिक असा बेत आहे. दोन्ही तिकिटे वेगवेगळी काढली तर स्वस्त पडतात. आमच्याजवळ दोघांची मिळून एक स्की बॅग आणि दोन बुटांच्या बॅगा आहेत. बुटांची बॅग वेगळा नग धरतात का? आणि सामान हरवल्यास भरपाई किती मिळते? (एक वाचक, खारघर)

उत्तर: आपल्या प्रश्नातला महत्त्वाचा भाग आपण ओघात लिहून गेला आहात, आणि तो म्हणजे वेगवेगळी तिकिटे. २५ डिसेंबर २०२५ रोजी नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून खारघर-पनवेलच्या वाचकांचा टॅक्सीचा खर्च वाचू लागला, हे खरे. परंतु तिकिटे तोडून काढण्यात वाचलेले पैसे स्कीच्या सामानापायी परत जाण्याचा संभव मोठा आहे.

एकाच तिकिटावर दोन्ही टप्पे असतील, तर सहसा संपूर्ण प्रवासाला आंतरराष्ट्रीय टप्प्याची सामानमर्यादा मिळते, जी युरोपच्या मार्गावर अनेकदा २३ किलोंच्या एका नगाची असते. चेक-इनला चिकटवलेल्या पट्टीवर झ्युरिकचा झेडआरएच हा संकेत आहे ना, एवढे पाहिले की पुरे. तिकिटे वेगळी असतील, तर पहिल्या टप्प्याला देशांतर्गत १५ किलो लागू होतात आणि त्यांवरच्या प्रत्येक किलोचे पैसे पडतात, दिल्लीला सामान बेल्टवरून उचलून पुन्हा द्यावे लागते, आणि पहिले विमान उशिरा पोहोचल्यामुळे दुसरे चुकले तर दुसऱ्या कंपनीवर त्याची जबाबदारी नसते.

भरपाईतही हाच फरक आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागू होतो आणि सामान हरवणे, तुटणे किंवा उशिरा येणे यांबद्दलची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक असून त्याचा दर रोज बदलतो; रुपयांत ही रक्कम दीड-दोन लाखांच्या घरात जाते. एकच प्रवास म्हणून काढलेल्या तिकिटात नवी मुंबई ते दिल्ली हा टप्पाही या करारात येतो. तोच टप्पा वेगळ्या तिकिटावर असेल तर तो निव्वळ देशांतर्गत प्रवास ठरतो आणि कमाल भरपाई २०,००० रुपये. दोन जोड बूट, दोन जोड स्की आणि कपडे यांची किंमत आपण स्वतःच मांडून पाहावी. या दोन्ही रकमा कमाल आहेत. प्रत्यक्षात नुकसान सिद्ध करावे लागते, म्हणून पावत्या जपाव्यात आणि बॅगा भरताना आतल्या सामानाचे मोबाइलवर फोटो काढावेत. मर्यादेहून अधिक किमतीचे सामान असेल तर चेक-इनच्या वेळी तसे जाहीर करून जादा शुल्क भरण्याची तरतूद करारात आहे, तिचा उपयोग फार थोडे लोक करतात.

बॅग आली नाही किंवा फुटून आली, तर विमानतळ सोडण्याआधीच सामान काउंटरवर पीआयआर नावाची नोंद करून तिचा क्रमांक घ्यावा. एवढ्यावर थांबू नये. नुकसानीबद्दलची लेखी तक्रार सामान हाती आल्यापासून सात दिवसांत आणि उशिराबद्दलची २१ दिवसांत कंपनीकडे पोहोचली पाहिजे. मुदत उलटली की दावा संपतो, आणि अनेकांचे दावे पुराव्याअभावी नव्हे, तर याच कारणाने संपतात. बुटांचे बक्कल बेल्टवर आदळून तुटलेले दिसले तर हॉटेलवर पोहोचल्यावर पाहू असे न म्हणता तेथेच फोटो काढावा.

आता नगांविषयी. डेल्टा आणि युनायटेडसारख्या अमेरिकी कंपन्या एका प्रवाशाची स्की बॅग आणि बुटांची बॅग मिळून एकच नग धरतात, मात्र बुटांच्या बॅगेत बुटांखेरीज फारसे काही नसावे अशी त्यांची अपेक्षा असते. इतर कंपन्यांचे नियम निरनिराळे आहेत: कोणी स्कीचा संच वेगळा मोफत नेतात, कोणी त्याचे स्वतंत्र शुल्क घेतात, आणि बहुतेकांना लांब बॅगेची पूर्वसूचना हवी असते. म्हणून तिकीट काढण्याआधी क्रीडासाहित्याचे पान वाचावे आणि फोनवर मिळालेले आश्वासन ईमेलवर मागून घ्यावे. तोंडी परवानगीला काउंटरवर कोणी विचारत नाही. आपण तिकीट काढाल त्या कंपनीची केबिन मर्यादाही पाहावी. लुफ्तान्सा आणि स्विस यांची ती ८ किलो, तर एमिरेट्सची इकॉनॉमी वर्गात ७ किलो आहे. दोघांचेही बूट केबिनमध्ये न्यायचे आणि स्की तेथेच भाड्याने घ्यायच्या, हा पर्याय आपण विचारातच घेतलेला दिसत नाही. वर्षातून एकदाच जाणाऱ्यासाठी मला तोच सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

बूट नवेकोरे आणि महाग असतील, तर जाताना विमानतळावरील सीमाशुल्क कक्षातून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे. परतताना ते बाहेरून विकत आणले आहेत अशी शंका कोणी घेतली तर ते दाखवता येते. ओरखडे पडलेल्या, वापरलेल्या बुटांसाठी एवढा खटाटोप करण्याचे कारण नाही.

प्रश्न: गेल्या वर्षी सहलीहून आणलेले बूट मी पावसाळ्यानंतर पाहिले, तर लायनरवर बुरशीचे ठिपके आणि कुबट वास. खाडीजवळ राहतो, घरात दमटपणा असतोच. बूट कसे जपावेत, आणि हे बूट यंदा न्यावेत का? (एक वाचक, वाशी)

उत्तर: बुरशीची सुरुवात बहुधा वाशीत झालेली नाही, ती परतीच्या बॅगेत झाली असणार. शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत बर्फावर राहून ओले बूट तसेच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधले, की घरी पोहोचेपर्यंत त्यांत घाम आणि वितळलेले पाणी कोंडून राहते. निघण्याच्या आदल्या रात्री लायनर कवचातून काढावेत, आतले तळपट्टे वेगळे करावेत आणि त्यांत वर्तमानपत्राचे बोळे घालावेत, दोनेक तासांनी ते बदलावेत. खोलीत बुखारी (खोली गरम करण्याची शेगडी) पेटलेली असेल तर लायनर त्या खोलीत ठेवावेत, बुखारीला टेकवून मात्र ठेवू नयेत, कारण पायाच्या आकाराला बसवलेला फोम उष्णतेनेच पुन्हा आकार सोडतो. कोरड्या बुटांचा दुसरा फायदा काट्यावर दिसतो: ओल्या लायनरचे पाणीही त्या ७ किलोंतच मोजले जाते.

घरी आल्यावर लायनर पंख्याखाली पूर्ण सुकवावेत. उन्हात ठेवू नयेत; गॅलरीतल्या उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होते. नंतर लायनर कवचात घालून बक्कले अगदी सैल दातावर लावावीत, म्हणजे कवचाचा आकार टिकतो, आणि बूट कापडी पिशवीत, वारा लागेल अशा फळीवर ठेवावेत. माळ्यावरची बंद सुटकेस ही आपल्या हवेत सर्वांत वाईट जागा. सिलिका जेलच्या पुड्या उपयोगी पडतात, पण त्या पावसाळ्यात लवकर भरतात; गणपतीच्या आधी घराची सफाई निघते तेव्हा बूट एकदा बाहेर काढून पुड्या बदलाव्यात.

आपल्या लायनरवरचे ठिपके कोमट पाणी आणि सौम्य साबणाने पुसून पाहावेत. वास गेला आणि फोम दाबल्यावर परत वर आला, तर लायनर चालेल. न आल्यास केवळ लायनर बदलता येतो. कवचाची तपासणी अधिक गंभीरपणे करावी. बरीच कवचे पॉलियुरेथेनची असतात आणि या पदार्थाचे काही प्रकार दमट हवेत वर्षानुवर्षे पडून राहिले की ओलाव्याने आतून झिजतात. बाहेरून चकचकीत दिसणारे जुने प्लॅस्टिक मग थंडीत ताण आला की तडकते. उजेडात धरून बक्कलांच्या रिव्हेटभोवती, घोट्याच्या सांध्याशी आणि टाचेच्या कडेला पांढुरक्या रेषा किंवा केसाएवढ्या भेगा आहेत का ते पाहावे. बूट घालून, सर्व बक्कले नेहमीसारखी ओढून घरातच अर्धा तास गुडघे वाकवत उभे राहावे. काही करकरले, सुटले किंवा भेग वाढलेली दिसली, तर ते बूट नेऊ नयेत. भेग फेव्हिक्विकने भरून घेतलेले बूट नेऊ का, असे दुसऱ्या एका वाचकाने विचारले आहे, त्यांनाही हेच उत्तर.